फुगा सुटतो, जबाबदारी सुटत नाही

13 सप्टेंबर 2021 रोजी दुपारी जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचा वीजपुरवठा अकस्मात खंडित झाला. सुमारे 3 लाख ग्राहकांची वीज गेली आणि कारखान्यांची यंत्रे थांबली. शोध घेता कारण सापडले ते एका उपकेंद्रात शिरलेल्या चंदेरी फुग्यात.

एवढासा फुगा असे काय करतो? उंचावरील वीजवाहिन्यांच्या तारा बहुधा उघड्या असतात. दोन तारांमधील हवेचे अंतर हेच त्यांचे संरक्षण. चमकदार फुगा प्लास्टिकचा असला, तरी त्यावर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर असतो. असा फुगा दोन तारांना एकाच वेळी भिडला, की त्यांच्यामध्ये धातूचा पूल तयार होतो, शॉर्टसर्किट होते, ठिणग्या उडतात आणि कधी तार तुटून खाली पडते. रबरी फुग्यातील हेलियम दिवसाभरात निघून जातो. चमकदार फुगा मात्र कित्येक दिवस तरंगत राहतो. चमकीची दोरीही तितकीच घातक.

आपल्याकडे जन्मकल्याणकाची शोभायात्रा, तपस्वींचा वरघोडा किंवा नव्या पेढीचा शुभारंभ बाजारपेठेतूनच होतो. वर 11 हजार व्होल्टची वाहिनी आणि खाली कापडाची दुकाने, गोदामे व गर्दी. तेथे उडालेली एक ठिणगी किती अनर्थ करील, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

साधू-साध्वींच्या आचारातील पाच समितींमध्ये उत्सर्ग समिती आहे. टाकावयाची वस्तू कोठे व कशी टाकावी, तिच्यामुळे कोणत्या जीवास पीडा होईल, हे पाहूनच ती टाकावी, असा तिचा आशय. आकाशात सोडलेला फुगा म्हणजे न पाहता टाकलेली वस्तू. तो तारेवर अडकेल, की गायीच्या पोटात जाईल, की त्याची दोरी पाखराच्या पायात गुंतेल, हे सोडणाऱ्यास ठाऊक नसते. गृहस्थाने या समितीचा एवढा भाव जरी जपला, तरी समारंभात फुगे सोडण्याची प्रथा आपोआप थांबेल.

पथ्ये साधी आहेत. वायूचे चमकदार फुगे घरातच ठेवावेत, प्रत्येकास वजन बांधावे आणि कार्यक्रम संपताच भोसकून वायू काढून टाकावा. स्वस्त फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन भरलेला असतो. तो पेट घेतो, म्हणून दीप-आरतीजवळ असे फुगे नसावेत. शोभेसाठी फुले, कापडी तोरणे व पताका आहेतच. मात्र त्याही तारांपासून दूर बांधाव्यात.

फुगा तारेवर अडकलाच, तर काठीने वा शिडीवर चढून तो काढू नये. मुलांना दूर करून 1912 या क्रमांकावर कळवावे. तुटून पडलेली तार जिवंतच समजावी आणि तिच्या जवळपासही जाऊ नये.

विक्रेत्याचा वाटाही मोठा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1990 च्या कायद्यानेच हेलियमचा चमकदार फुगा वजन बांधल्याशिवाय विकण्यास मनाई केली. 2022 मध्ये तेथे संमत झालेल्या कायद्यानुसार 2027 पासून टप्प्याटप्प्याने वीजवाहक फुग्यांची विक्री बंद होणार आहे. कायद्याची वाट न पाहता आपल्या गल्ल्यावरूनच वजनाविना फुगा देणे थांबवले, तर तो व्यवहारातील अहिंसेचाच भाग ठरेल.