आईबापांचा कलह आणि वाढतीं मुलें

दहावीची परीक्षा आटोपली कीं मराठवाड्यांतील गांवोगांवचीं मुलें अकरावी-बारावीच्या अभ्यासासाठीं लातूर-नांदेडची वाट धरतात. वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोलींत त्यांचा छोटासा संसार सुरू होतो. वैद्यकीचा वा अभियांत्रिकीचा प्रवेश, एवढीच चिंता त्यांना असेल असें आपण समजतों. परंतु श्रोतेहो, एखादें मूल पुस्तकांबरोबर घरांतला कलहही बांधून आणतें, हें आपल्या ध्यानीं येत नाहीं.

आईबाप विभक्त झाले म्हणजे मुलाचें आयुष्य मातीला मिळालेंच, असा समज रूढ आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनीं अनेक वर्षें कुटुंबांचा पाठपुरावा करून २००२ सालीं आपले निष्कर्ष ग्रंथरूपानें मांडले. घटस्फोट झालेल्या घरांतील सुमारें २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या. इतर घरांत हें प्रमाण सुमारें १० टक्के होतें. धोका वाढतो हें खरें. तथापि चारांपैकीं तीन मुलें सावरतात, हेंही तितकेंच खरें. मग जें मूल सावरत नाहीं, त्याला नडतें काय? पुष्कळदां विभक्त होण्यापेक्षां न संपणारें भांडणच नडतें.

आपल्याकडे तर अनेक घरांत कागदोपत्रीं घटस्फोट होतच नाहीं. बाई माहेरीं येऊन राहते, पोटगीचा दावा चालूं राहतो आणि मूल दोन्ही घरांच्या उंबरठ्यावर वाढतें. लहान मूल आईच्या पदराआड लपतें. सोळा वर्षांच्या मुलाला तो पदर उरलेला नसतो. त्याला भांडणाचा अर्थ कळतो, म्हणून दोन्ही पक्ष त्याला साक्षीस बोलावतात. आईचा फोन येतो तो वडिलांच्या तक्रारी घेऊन, वडील विचारतात, "आई काय म्हणत होती?" मुलगी अकालीं आईची सखी आणि धाकट्यांची आई होते. मग झोप उडते, डोकें दुखूं लागतें, गुण घसरतात. आणि दोष अभ्यासाला दिला जातो.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, समजत्या वयाच्या मुलाची इच्छा न्यायालय विचारांत घेऊं शकतें. १९८४ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशकांचीही सोय असते. तेथें मुलाला प्रश्न विचारायचा तो त्याच्या हितासाठीं. घरीं मात्र "तूं कोणाचा?" हा प्रश्न नित्य विचारला जातो आणि त्याचें कोणतेंही उत्तर दिलें तरी मूल अपराधी ठरतें.

म्हणून आईबापांस एवढेंच सांगणें आहे. आपले निरोप आपणच पोंचवावेत. फी कोण भरणार, सुट्टींत मूल कोठें राहणार, हें त्याला मध्यें न घालतां ठरवावें. वेगळें व्हायचें ठरलेंच, तर शक्य तेथें दोघांनीं मिळून तें सांगावें आणि यांत त्याचा दोष नाहीं हेंही स्पष्ट शब्दांत सांगावें. मामा, आजी, शिक्षक यांपैकीं कोणी निंदा न करतां ऐकून घेणारें असलें, तर मोठाच आधार होतो. तसें कोणी नसेल तेव्हां १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मुलाला स्वतः बोलतां येतें. ही सरकारी सेवा २०२२ पासून चालूं आहे.

पतिपत्नीचें नातें न्यायालयांत संपूं शकतें. आईबापपण तेथें संपत नाहीं. मुलानें दोघांवरही प्रेम करावें, एवढी मोकळीक त्याला दिली, तर दोन घरांतूनही एक धड माणूस वाढूं शकतो.