मोठ्या चित्राआधीचे छोटे चित्र

रानातल्या जनावराचे मोठे तैलचित्र पाहिले, की ते एका बैठकीत उतरले असावे असे वाटते. वास्तविक त्याआधी वीतभर आकाराची कितीतरी तैलचित्रे झालेली असतात. त्यांना अभ्यासचित्रे म्हणतात.

जर्मनीत जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेला कार्ल रुंगियस (१८६९-१९५९) याच पद्धतीने काम करी. कॅनडातील बॅन्फ येथे १९२१ साली त्याने स्टुडिओ बांधला. डोंगरात जाऊन तो ऊन, सावली, खडक छोट्या कॅनव्हासवर तिथल्या तिथे रंगवी. त्यांच्या आधारे मूस हरणांची, रानमेंढ्यांची मोठी चित्रे स्टुडिओत करी.

वीतभर जागेत अंगावरचे केस रंगवता येत नाहीत. त्यामुळे मुख्य प्रश्नच पुढे येतात : उजेड कुठून यावा, जनावर कुठे उभे राहावे, गडद भाग किती असावा?

मी सध्या राधानगरीच्या गव्याचे चित्र योजतो आहे. काळसर गवा सावलीत हरवतो. म्हणून सरस लावलेल्या पुठ्ठ्यावर तीन अभ्यासचित्रे केली. दाट झाडीपुढे फक्त त्याचे पांढरे पाय दिसले. मोकळ्या गवतात गवा दिसला, पण रान गेले. झाडीतून पाठीवर ऊन पाडले, तेव्हा दोन्ही राहिले. पेन्सिलीने हा निर्णय झाला नसता, कारण प्रश्न रंगाचा होता.

मोठा कॅनव्हास मला एकदाच परवडणार आहे. त्यावर आता तिसरा गवा उतरेल.