उपग्रह-रेडिओ आणि मोटारीतील खरखर

रेडिओ खरखरू लागला की घरातील वडीलधारे माणूस प्रथम आकाशाकडे पाहते. ढग आले असतील, कोठे वीज कडाडली असेल, नाहीतर केंद्र दूर असेल, असे काहीतरी निदान केले जाते. जुन्या रेडिओच्या बाबतीत ते पुष्कळदा बरोबरही ठरे. परंतु ज्या रेडिओचा आवाज खरोखरच आकाशातून, सुमारे छत्तीस हजार किलोमीटरांवरून खाली येतो, त्याच्या खरखरीचा मात्र आकाशाशी काडीमात्र संबंध नसतो. ही गोष्ट मला वयाची साठी उलटल्यावर, आणि तीही परदेशात एका मोटारीत गुडघे टेकून बसलो असता उमगली. आयुष्यभर मुलांना विद्युच्छास्त्र शिकविणाऱ्या माणसाला ही कबुली देताना थोडा संकोच वाटतो. पण ती दिल्यावाचून पुढची हकीकत सांगता येणार नाही.

२००७ च्या हिवाळ्यात मी बडोद्याहून माझ्या मुलीकडे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात गेलो होतो. जावईबापूंना कामासाठी जाऊन येऊन रोज अडीच तास मोटार हाकावी लागे. तेवढीच सोबत व्हावी म्हणून त्यांनी आपल्या जुन्या मोटारीत उपग्रह-रेडिओ बसवून घेतला होता. त्या देशात ही सेवा २००१ साली एक्सएम या कंपनीने व २००२ साली सिरियस या कंपनीने सुरू केली. २००८ साली त्या दोन्ही कंपन्या एक झाल्या. आपल्याकडेही वर्ल्डस्पेस नावाची उपग्रह-रेडिओची सेवा घराघरांत ऐकली जात असे. ती २००९ च्या अखेरीस बंद पडली. त्यामुळे हे यंत्र मला अगदीच अपरिचित नव्हते. अपरिचित होती ती मोटारीतील त्याची अवस्था. गाणे लागले की त्याच्या मागे वाळूचा पाट वाहावा तशी खरखर, आणि दर दोन मैलांवर एखाद्या भलत्याच केंद्रावरील निवेदकाचा आवाज मधे घुसे. संध्याकाळी घरी परतल्यावर जावईबापूंचे डोके दुखत असे. ज्या दुकानाने रेडिओ बसविला होता त्याने टपावरील एरियल सदोष असल्याचे सांगून ते बदलले, त्याचे पैसे घेतले, आणि खरखर जशीच्या तशी राहिली.

येथे थोडे थांबून उपग्रहाकडून काय येते ते पाहू. उपग्रहाकडून २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी येतात, आणि त्या लहरींवर प्रत्यक्ष आवाज नसून अंक असतात. ध्वनीचे रूपांतर शून्य आणि एक यांच्या एका लांबलचक माळेत केलेले असते. माळेतील काही मणी वाटेत गळाले तरी ते ओळखून पुन्हा ओवता यावेत, यासाठी जादा अंकही पाठविलेले असतात. ग्राहकयंत्र ती माळ वाचते व तिच्यावरून ध्वनी नव्याने घडविते. अंक वाचता आले तर आवाज स्वच्छ मिळतो. फारच थोडे वाचता आले तर यंत्र गप्प बसते. आवाज येतो आहे पण सोबत खरखर आहे, अशी मधली अवस्था या पद्धतीत जवळजवळ संभवतच नाही. तेव्हा उपग्रह-रेडिओ खरखरत असेल तर ती खरखर ध्वनी घडून झाल्यानंतर, म्हणजे ग्राहकयंत्र आणि मोटारीचा ध्वनिवर्धक यांच्यामधील हातभर अंतरात शिरलेली असते. एरियल बदलणे म्हणजे पाय मुरगळला असता डोळ्यांत औषध घालण्यासारखे होते.

मग त्या हातभर अंतरात होते तरी काय? जुन्या मोटारीच्या रेडिओला बाहेरचा आवाज आत घेण्याची सोपी वाट नसते. म्हणून अशा ग्राहकयंत्रात एक चिमुकले एफ.एम. क्षेपक बसवितात. उपग्रहाकडून आलेले गाणे हे क्षेपक एफ.एम. पट्ट्यातील एखाद्या लहरीवर पुन्हा सोडते आणि मोटारीचा नेहमीचा रेडिओ ते पकडतो. म्हणजे हजारो कोस निर्वेध आलेले गाणे शेवटच्या हातभर वाटेसाठी जुन्याच वाहनात बसविले जाते! दुसऱ्यांच्या केंद्रांना उपद्रव होऊ नये म्हणून कायद्याने या क्षेपकाची शक्ती अत्यंत मर्यादित ठेवली आहे. तीन मीटरांवर त्याचे क्षेत्र मीटरमागे २५० मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक असता कामा नये. उलट शहरातील केंद्रे हजारो वॅट शक्तीने बोलत असतात. एफ.एम. ग्राहकाचा स्वभाव असा की, एकाच लहरीवर दोन आवाज आले तर तो प्रबळ आवाज धरतो आणि दुबळा जवळजवळ पुसून टाकतो. एड्विन आर्मस्ट्राँग या संशोधकाने १९३३ साली या पद्धतीचे एकस्व मिळविले, ते मुख्यतः खरखरीवर मात करण्यासाठी. येथे तोच गुण दुबळ्या क्षेपकाच्या मुळावर येत होता.

यावर पहिला उपाय रिकामी लहर शोधण्याचा. अमेरिकेत एफ.एम. केंद्रे ८८.१, ८८.३, ८८.५ अशी ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने बसविलेली आहेत. निवडलेली लहर तर रिकामी हवीच, पण तिच्या दोन्ही बाजूंचे शेजारीही शक्यतो रिकामे हवेत. कारण प्रबळ शेजाऱ्याचा आवाज भिंतीतून झिरपावा तसा झिरपतो. आम्ही एका रविवारी सकाळी पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासून एक लहर निवडली. घराभोवती ती उत्तम चालली. परंतु न्यूयॉर्क महानगराच्या परिसरात केंद्रांची एवढी दाटी, की वीस मैलांवर गेल्यावर तीच लहर दुसऱ्या कोणाच्या मालकीची निघाली. धावत्या मोटारीला कायमची रिकामी जागा मिळणे अवघड असते.

खरा उपाय म्हणजे ही हवेतील उडी काढून टाकून तारेनेच आवाज नेणे. आम्ही मोटारीचा रेडिओ खाचेतून बाहेर ओढला, तो त्याच्या पाठीवर बाहेरील ध्वनीसाठी दोन छिद्रे आयतीच होती. बाजारातून तार आणून जोडली. खरखर तत्काळ नाहीशी झाली. जावईबापूंनी मला शाबासकी दिली, मीही ती घेतली, आणि मग त्यांनी इंजिन सुरू केले.

गाण्याच्या मागून एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. वेग वाढविला की ती वर चढे, पाय सोडला की खाली उतरे. एक रोग बरा करताना मी दुसरा उत्पन्न केला होता.

माझा पहिला तर्क स्पार्क-प्लगवर गेला. पेट्रोलच्या इंजिनात हजारो व्होल्ट दाबाची ठिणगी पडते, आणि ठिणगी म्हणजे एक क्षेपकच होय. हाइनरिख हर्ट्झ याने १८८७ च्या सुमारास पहिल्या विद्युच्चुंबकीय लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. १९३० च्या आसपास मोटारीत रेडिओ बसविणाऱ्यांना या ठिणग्यांनी फार छळले होते. म्हणून पुढे प्लगमध्येच काही हजार ओहम रोध घालण्याची पद्धत पडली. तर्क विद्वत्तापूर्ण होता, पण चुकीचा होता. तो चुकीचा आहे हे कान आणि साधा गुणाकार यांनी सिद्ध झाले. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात. मिनिटाला ८०० फेरे धरले तर सेकंदाला सुमारे २७ ठिणग्या झाल्या. त्यांचा आवाज टकटक किंवा घरघर असा येईल, शिट्टी कशी येईल?

आता आल्टर्नेटर घ्या. हे बॅटरी भरणारे जनित्र पट्ट्याने इंजिनाला जोडलेले असते आणि त्याच्या अडीच-तीन पट वेगाने फिरते. ते उत्पन्न करते तो प्रत्यावर्ती प्रवाह. सहा डायोडांतून गाळून तो एकदिश केला जातो, पण पूर्ण सपाट होत नाही. त्यावर बारीक लाटा राहतात. बारा ध्रुवांच्या आल्टर्नेटरमध्ये दर फेऱ्याला अशा ३६ लाटा उठतात. इंजिनाचे ८०० फेरे म्हणजे अडीच पटीने आल्टर्नेटरचे २०००, सेकंदाला सुमारे ३३. त्याला ३६ ने गुणले असता सुमारे १२०० कंपने येतात. हीच ती शिट्टी! इंजिन २००० वर नेले की ती ३००० कंपनांवर जाते. तुमच्यापैकी ज्यांना सुरांचे ज्ञान आहे त्यांना चढता-उतरता सूर ऐकून इंजिनाचा वेग सांगता येईल.

आता प्रश्न उरला तो हा की, शिट्टी तारेत शिरली कशी, आणि आधी का नव्हती. मोटारीत प्रत्येक उपकरणाला दोन तारा ओढीत नाहीत. बॅटरीचे ऋण टोक लोखंडी सांगाड्याला जोडतात आणि परतीचा प्रवाह सांगाड्यातूनच जाऊ देतात. यालाच कारागीर अर्थिंग म्हणतात. सांगाडा सर्वत्र सारख्याच दाबावर आहे असे आपण गृहीत धरतो, पण ओहमचा नियम लोखंडालाही सोडीत नाही. दोन जागांमधील रोध हजारांश ओहम असला व त्यातून २० अँपिअर वाहत असले, तर दाबात ०.०२ व्होल्टचा फरक पडतो. आमच्या ग्राहकयंत्राला वीज मिळत होती सिगारेट पेटविण्याच्या खाचेतून, म्हणजे त्याचे अर्थिंग एका जागी होते. मोटारीच्या रेडिओचे दुसऱ्याच जागी. क्षेपकाने गाणे हवेतून जात होते तोवर ही दोन अर्थिंगे तारेने जोडलेली नव्हती. आम्ही ध्वनीची तार जोडली आणि तिच्या आवरणातून एक बंद वेढा पुरा केला. दोन जागांमधील तो थरथरता फरक त्या वेढ्यातून सरळ ध्वनिवर्धकात शिरला. ध्वनीच्या तारेतील मोठ्यात मोठा आवाज एखाद्या व्होल्टचा; तेव्हा शांत आलापाच्या वेळी शतांश व्होल्टही कानाला टोचणारच.

हे खरे की नाही याची परीक्षा अगदी सोपी आहे, आणि या साऱ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ती ही ठेवा. ग्राहकयंत्राला वीज मोटारीकडून न देता निराळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून द्यावी. आम्ही शेजाऱ्यांकडून तशी एक बॅटरी उसनी आणली. इंजिन चालू असताना शिट्टी जागच्या जागी थांबली. वेढा तुटला होता, आणि चोर कोण हेही कळले होते.

पुढचे काम पान्हा आणि सँडपेपर यांचे. बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवून ठेवले. मोटारीच्या तारांत हात घालण्यापूर्वी हे चुकवू नये. रेडिओच्या अर्थिंगची तार रंग दिलेल्या पट्टीवर स्क्रूने आवळलेली सापडली. रंग हा विद्युत्रोधक, त्यामुळे ती जेमतेम स्क्रूच्या आट्यांनीच लोखंडाला टेकली होती. रंग खरवडून चकचकीत धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातला, आणि ग्राहकयंत्राचे अर्थिंगही खाचेतून काढून त्याच बोल्टवर आणले. शिट्टी चौथाईवर आली. उरलेली घालविण्यासाठी ध्वनीच्या तारेत एक चिमुकला रोहित्र बसविला. त्याच्या दोन्ही वेटोळ्यांत तारेचे फेरे सारखेच असतात. गाणे चुंबकत्वाच्या द्वारे पलीकडे जाते, पण दोन बाजूंना धातूचा सांधा नसल्यामुळे वेढा पुरा होत नाही. पुष्कळ लोक पहिल्या दिवशीच हा रोहित्र आणून बसवितात. त्यानेही काम भागते, पण ढिले अर्थिंग तसेच राहते आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच रूपाने त्रास देते. म्हणून तो शेवटी बसवावा, असे माझे मत आहे.

एक पुरवणी. हल्ली बहुतेक नव्या मोटारींत ग्राहक कारखान्यातूनच बसवून येतो, तरी जुन्या मोटारीत असे यंत्र लावणारे अद्याप आहेत. त्यांनी प्रथम टेलिफोन भरण्याचे स्वस्त चार्जर खाचेतून उपसून पाहावेत. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना ते प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात व जोडतात, आणि आच्छादन नीट नसेल तर तीही एक खरखरच होते. ती इंजिनाच्या वेगाबरोबर बदलत नाही. हीच तिची खूण.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही सारे पेनसिल्व्हानियाच्या डोंगरांकडे गेलो. अडीच तास वाद्यवृंद निर्मळ वाजत होता. एका वळणावर दक्षिणेकडील कडा रस्त्याच्या अगदी अंगावर आला आणि उपग्रहाची बाजू झाकली गेली. यंत्राने जवळचे साठविलेले अंक काही क्षण पुरविले, मग ते एकाएकी गप्प झाले. ना खर, ना शिट्टी. मागच्या आसनावरून नातीने विचारले, “आजोबा, बिघडला का पुन्हा?” मी उत्तर देण्यापूर्वीच वळण संपले आणि व्हायोलिने सुरू झाली.