सही दिली नाही म्हणून जमीन वाचत नाही

बारामती-इंदापूरकडे नव्या एमआयडीसीचे किंवा गोदामांच्या पार्कचे नुसते नाव निघाले, की पारावर कुणीतरी ठासून सांगतो : "सही करायची नाही, नोटीस घ्यायची नाही. सत्तर टक्के संमती नसेल तर सरकारला जमीन घेताच येत नाही." शेजारी पुरंदरला विमानतळ होऊ घातला आहे, आणि राज्याच्या २०२४च्या लॉजिस्टिक धोरणात पुणे-पुरंदरसाठी ५०० एकरांचे केंद्र आहे. त्यामुळे हा सल्ला आता जास्तच फिरतो. तो चुकीचा आहे, आणि त्याच्या भरवशावर राहणाऱ्याचे नुकसान होते.

सत्तर टक्क्यांचा आकडा २०१३च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यातला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के संमती. सरकार स्वतःच्या प्रकल्पासाठी घेते तेव्हा त्या कायद्यातही संमतीची अट नाही. शिवाय एमआयडीसी जमीन घेते ती महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१च्या सहाव्या प्रकरणाखाली. २०१८ साली राज्याने केंद्रीय कायद्यात कलम १०५-अ घातले आणि या अधिनियमाखालचे संपादन त्या कायद्याच्या कक्षेतून वगळले. मोबदल्यासारख्या फायद्याच्या तरतुदी तेवढ्या लागू करण्याची सोय ठेवली. पुरंदरच्या विमानतळाची जमीनही एमआयडीसीच्याच कायद्याने घेतली जात आहे.

आता १९६१च्या अधिनियमाचे कलम ३२ नीट वाचा. आधी ३२(२)ची नोटीस येते : जमीन का घेऊ नये ते अमुक मुदतीत सांगा. मग सुनावणी. त्यानंतर ३२(१)ची अधिसूचना राजपत्रात आली, की जमीन त्याच क्षणी सरकारची होते. पुढे ताबा सोडायला ३० दिवसांची नोटीस, आणि नाही सोडला तर बळाने घ्यायचा अधिकार. यात शेतकऱ्याचे म्हणणे ऐकणे सरकारला भाग आहे अशी जागा एकच, ३२(२)ची. आणि नेमका तोच कागद परत पाठवा म्हणून आपली माणसे सांगत फिरतात! नाकारलेली नोटीस दारावर चिकटवली जाते, पंचनामा होतो, मुदत सुरू होते. हरकत मात्र कुणाचीच नोंदलेली नसते.

मोजणीचेही तेच. मोजणीवाले परतवले की गाव जिंकल्यासारखे वाटते. पण उजनी धरणाच्या फुगवट्यावरून कर्ज काढून आणलेली पाइपलाइन जमिनीखाली असते, ती ड्रोनने केलेल्या मोजणीत दिसत नाही. विहीर, बोअर, डाळिंबाची झाडे, भावकीतला पोटहिस्सा हे सगळे संयुक्त मोजणीत उभे राहून लिहून घ्यावे लागते. मोजणीला हजर राहणे म्हणजे संमती नव्हे. हरकतीच्या अर्जात "संपादनाला विरोध कायम ठेवून" एवढे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या.

सातबाऱ्यावर संपादनाचा शिक्का पडला म्हणजे जमीन गेली, हेही खरे नाही. इतर हक्कांतली ती नोंद पुढे काय येऊ शकते ते सांगते. ३२(१) निघेपर्यंत मालक तुम्हीच.

ग्रामसभेच्या ठरावाने प्रकल्प आपोआप थांबत नाही. ठरावाला वजन आहे, नकाराधिकार नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे क्षेत्र आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावकडे आहे, इकडे नाही.

'चौपट' मोबदला गावात बोलल्या जाणाऱ्या भावाच्या चौपट नसतो. हिशोब आधीच्या तीन वर्षांच्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून आणि रेडीरेकनरवरून होतो. मुद्रांक वाचवायला खतात कमी लिहिलेली रक्कम इथे सगळ्या गावाला भोवते.

"स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या" यातला स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे राहिलेला माणूस. तो इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरचाच असेल असे नाही.

गोदामाला धुराडे नसते म्हणून त्रास नसतो, असे म्हणणाऱ्याने गोदामांनी भरलेल्या भिवंडीच्या रस्त्यांवर संध्याकाळी उभे राहावे.

विरोध करूच नका, असे मी म्हणत नाही. पुरंदरच्या सात गावांनी विरोध केला, आणि तिथले संपादनाचे क्षेत्र पुढे जवळपास निम्म्यावर आले. विरोध करायचा तर हरकत लेखी हवी, मुदतीत हवी, आणि प्रत्येक गट क्रमांकाची वेगळी हवी.