संस्थापकाच्या पश्चात

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी मला आपल्या शहराशी निगडित अशा एखाद्या कलासंस्थेवर लिहिण्याची सूचना केली. ग्वाल्हेर म्हटले की तानसेन, ग्वाल्हेर घराणे आणि १९१४ साली सुरू झालेले शंकर गांधर्व महाविद्यालय ही नावे ओघानेच येतात, आणि त्यांविषयी लिहिण्यास माझ्याहून अधिकारी मंडळी आपल्यात आहेत. म्हणून मी वीस वर्षे या शहरात मुक्काम करून गेलेल्या एका नृत्यसंस्थेविषयी लिहावयाचे ठरविले. ती म्हणजे 'लिटिल बॅले ट्रूप'. नृत्यातले मला फारसे कळत नाही. तरीही हा विषय निवडण्यास एक वैयक्तिक कारण आहे, ते ओघात येईलच.

१९७५ च्या हिवाळ्यात मी गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. वसतिगृहातील एका मित्राच्या आग्रहाखातर मी या संस्थेचे 'रामायण' पाहावयास गेलो. 'बॅले' या शब्दाने माझ्या डोळ्यांपुढे पायाच्या अंगठ्यावर तोललेल्या युरोपीय नर्तकी आल्या होत्या. रंगमंचावर पाहिले ते काही वेगळेच होते. जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ मांडला आहे आणि बाहुल्यांची कामे जिवंत माणसे करीत आहेत! राम, सीता, रावण सारेच दोरीने ओढल्यासारखे तुटक, कोनाकोनांत हलत होते. मान वळे ती एका झटक्यात. हात उठे तो कोपरात मोडून. आम्ही त्या वर्षी स्नायू आणि सांधे पाठ करीत होतो. इतके सांधे स्वतंत्रपणे ताब्यात ठेवणारी माणसे पाहून मी थक्क झालो. घरी परतताना मित्राने सांगितले, "ज्याने हे बसवले, त्याला क्षय होता."

त्या रचनाकाराचे नाव शांती बर्धन. त्यांचा जन्म १९१६ चा. अल्मोड्याच्या उदयशंकर यांच्या संस्कृती केंद्रात त्यांनी काम केले. ते केंद्र बंद पडण्याच्या सुमारास, १९४४ मध्ये, ते मुंबईस आले आणि इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनच्या, म्हणजेच 'इप्टा'च्या मध्यवर्ती पथकात दाखल झाले. अंधेरीला एका छपराखाली राहणाऱ्या, एका चुलीवर जेवणाऱ्या त्या कलावंतांनी बंगालच्या दुष्काळाचे दुःख देशापुढे मांडले. १९४५ चे 'इंडिया इम्मॉर्टल' आणि १९४७ चे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' ही बर्धन यांची नृत्यनाट्ये. दोहोंचे संगीत पंडित रविशंकर यांचे होते. कीर्ती अशी वाढत असतानाच क्षयाने त्यांना गाठले आणि एक फुफ्फुस निकामी केले.

आपणा वैद्यक व्यावसायिकांना त्या काळाची कल्पना करता येईल. स्ट्रेप्टोमायसिन नुकतेच हाती आले होते, तेही दुर्मीळ आणि महाग. सॅनटोरियमची सक्तीची विश्रांती, फुफ्फुस दाबून बसविण्याचे उपाय आणि बरगड्या काढण्याच्या शस्त्रक्रिया हेच प्रचलित उपचार होते. आयसोनिआझिड उपचारांत आले ते १९५२ साली. नेमक्या त्याच वर्षी या रुग्णाने मुंबईत 'लिटिल बॅले ट्रूप'ची स्थापना केली. विश्रांतीचा सल्ला आपण देतो, आणि असा रुग्ण भेटला की आपली कशी त्रेधा उडते हे निराळे सांगावयास नको.

'रामायण' १९५३ मधले. त्यानंतर 'पंचतंत्र', ही त्यांची शेवटची रचना. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण या चार मित्रांची ती गोष्ट. त्यातील प्रत्येक प्राण्याची चाल नर्तकांनी अंगी बाणवलेली. कळसूत्री बाहुलीची कल्पना राजस्थानी कठपुतळीवरून आली, असे जाणकार सांगतात. माझा त्यावर एक वैद्यकी तर्क आहे, तो केवळ तर्क म्हणूनच घ्यावा. ज्याला स्वतः उभे राहून दीर्घ, वाहती नृत्ये करून दाखविता येत नाहीत, त्याला मान, खांदा, कोपर, मनगट अशा सुट्या हालचाली बसल्या जागेवरून शिकविता येतात. शरीराची मर्यादा रचनेच्या आड आली नाही, कदाचित रचनेतच सामावली गेली असावी. ३ सप्टेंबर १९५४ रोजी शांती बर्धन गेले. वय अवघे ३८. क्षयरोग्याला सॅनटोरियमइतकाच गुण घरी औषधे घेऊनही येतो, हे मद्रासच्या प्रसिद्ध अभ्यासाने १९५९ साली सिद्ध केले.

येथपर्यंतची कथा संस्थापकाची झाली. मला जी सांगावयाची आहे ती येथून पुढे सुरू होते.

दोन वर्षांची संस्था, गाठीला दोन मोठ्या रचना, आणि ज्याच्या डोक्यातून त्या निघाल्या तो माणूस गेलेला. अशा संस्था सामान्यतः एखादा स्मृतिदिन साजरा करून विसर्जित होतात. ही झाली नाही, याचे श्रेय प्रामुख्याने गुल बर्धन यांना द्यावे लागेल. १९२८ साली गुजराती कुटुंबात जन्मलेली ही स्त्री 'इप्टा'च्या चळवळीतून नृत्याकडे आली आणि शांती बर्धन यांची सहचारिणी झाली. वैधव्य आले तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या. कलावंत मंडळी त्यांना प्रेमाने 'गुलदी' म्हणत. संस्थेची घडी त्यांनी सांभाळली. नव्या नृत्यरचनांची बाजू प्रभात गांगुली यांनी उचलली. म्हणजे संस्थापकाच्या एका खुर्चीवर दुसरे कोणी बसलेच नाही. त्या खुर्चीचे काम वाटून घेतले गेले.

व्यावसायिक नृत्यसंस्था चालविणे म्हणजे काय, याचा विचार आपण प्रेक्षक क्वचितच करतो. गायक आजारी पडला तर मैफल रद्द होते, एवढेच. समूहनृत्यात एक कासव आजारी पडले तर दुसरे तयार असावे लागते. त्यासाठी प्रत्येक भूमिका किमान दोघांच्या अंगात मुरलेली हवी. नाटकाला छापील संहिता असते, नृत्यरचना मात्र प्रामुख्याने नर्तकांच्या शरीरातच साठलेली असते. जुना नर्तक नव्याला शिकविण्यापूर्वी निघून गेला तर ती रचना त्याच्याबरोबर जाते. शिवाय प्रवास, पोशाख, साहित्य, महिन्याच्या महिन्याला द्यावयाचे मानधन. हा सगळा संसार गुलदींनी ५६ वर्षे सांभाळला.

१९६४ साली संस्था मुंबई सोडून ग्वाल्हेरला आली. पुढे ती 'रंगश्री लिटिल बॅले ट्रूप' या नावाने ओळखली जाऊ लागली. १९८४ मध्ये तिने भोपाळ गाठले आणि श्यामला हिल्सवर घर केले. तीन शहरे झाली, तरी 'रामायण' आणि 'पंचतंत्र' देशापरदेशांत होत राहिले. नर्तकांच्या पिढ्या बदलल्या. बाहुलीची मान मात्र त्याच झटक्याने वळत राहिली. १९९२ मध्ये गुलदींनी शांती बर्धन यांच्यावरील 'रिदम इन्कार्नेट' हा ग्रंथ सिद्ध केला. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता वैयक्तिक कारण. आपल्यापैकी काहींना आठवत असेल की २००८ पासून मी शहराबाहेरच्या खाणमजुरांच्या एका वस्तीत रविवारचा दवाखाना चालवीत असे. दगडाच्या धुळीने पोखरलेली फुफ्फुसे आणि त्यावर क्षय, असे रुग्ण तेथे नित्याचे. सरकारी केंद्रातून औषधांच्या पेट्या मी आणीत असे आणि वस्तीतील एक शिक्षिका रुग्णांना समोर बसवून गोळ्या देत असे. नऊ वर्षे हे काम चालले. मित्र कौतुक करीत आणि मलाही ते गोड लागे.

२०१७ मध्ये माझी बायपास शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांत दवाखाना बंद पडला. कपाटाची किल्ली माझ्या गाडीत होती. रुग्णांची यादी माझ्या वहीत होती, तीही मलाच वाचता येईल अशा अक्षरात. केंद्रातील कर्मचारी मला ओळखत, त्या शिक्षिकेला नव्हे. मदतीला येऊ इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी वर्षानुवर्षे केवळ रक्तदाब मोजावयास बसविले होते. चौथ्या महिन्याच्या गोळ्या घेत असलेला एक तरुण मजूर या गोंधळात उपचारातून सुटला. वर्षभराने तो खोकत परत आला तेव्हा त्याच्या तपासणीत रिफाम्पिसिनला दाद न देणारा क्षय निघाला. त्यात दोष अन्य कोणाचा नव्हता, माझा होता. सौ. एवढेच म्हणाली, "तुम्ही दवाखाना चालवला नाहीत, तुम्हीच दवाखाना होतात."

त्या आजारपणात मला चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेले 'रामायण' पुन्हा पुन्हा आठवले. ते मी पाहिले तेव्हा रचनाकाराला जाऊन एकवीस वर्षे झाली होती, आणि तरीही त्याचा एकही झटका ढिला पडलेला नव्हता. शांती बर्धन यांनी आपली कला दुसऱ्यांच्या शरीरांत ठेवली होती. त्यांना दुसरा मार्गच नव्हता. गुलदींनी ती तेथे राखली. मी निरोगी असताना माझे काम कोणाच्याच हाती ठेवले नव्हते.

दवाखाना २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. दोन तरुण डॉक्टर आणि तीच शिक्षिका तो चालवितात. किल्ल्या तीन केल्या आहेत. यादी छापील आहे आणि तिची एक प्रत केंद्रात असते. माझ्याकडे कोणतेही पद नाही. बोलावले तर जातो. तो मजूर दीर्घ उपचारांनंतर बरा झाला, परंतु त्याची एक बाजू जवळजवळ कामातून गेली आहे. दगड फोडणे त्याला आता शक्य नाही. तो वस्तीतील रुग्णांना गोळ्यांची आठवण करून देतो आणि मला पाहिले की अजूनही उठून उभा राहतो. मला ते फार अवघड जाते.

आपल्यापैकी अनेकांनी रुग्णालये, शिबिरे, रक्तपेढ्या कष्टाने उभ्या केल्या आहेत. या स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे आहेत आणि ती असावीतच. एक नम्र विनंती मात्र करतो. या आठवड्यात आपली वही, आपली किल्ली आणि आपल्या ओळखी यांची वाटणी कोणाकोणात करता येईल, ते एका कागदावर लिहून पाहावे. माझा कागद लिहावयास मला शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागली.