वायू आटला की तारे थांबतात

मी लालबागची, आजोबा गिरणीत होते. कापूस आला नाही की साचे बंद, हे घरात सगळ्यांना ठाऊक. दीर्घिकांचंही तसंच. थंड हायड्रोजन हा ताऱ्यांचा कच्चा माल. त्याची खूण म्हणजे २१ सेंटिमीटरची क्षीण रेडिओलहर. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचं पुण्यातलं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र, एनसीआरए, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी ती टिपतं. २०२० साली आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांच्या लहरी एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. साठा भरपूर, पण खप असा की एक-दोन अब्ज वर्षांत संपावा. बाहेरून नवा वायू पुरेसा येईना, तशी ताऱ्यांची निर्मिती मंदावली. ही आवक का घटली, याचाच शोध मी पोस्टडॉक म्हणून घेते आहे.