सर्व्हरचा आवृत्ति-क्रमांक

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथें राहणाऱ्या कुटुंबांच्या नित्य व्यवहाराचा पुष्कळसा भाग आतां एका न दिसणाऱ्या यंत्राच्या आधारानें चालतो. पतसंस्थेंतील ठेव, शाळेंतील गुणपत्रकें, दवाखान्यांतील तपासणीचे अहवाल, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतून बाहेर पडणाऱ्या मालाचीं बिलें, हें सर्व कोठल्या तरी खोलींतील सर्व्हरवर असतें. सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांना एकाच वेळीं माहिती पुरविणारा संगणक. त्यावरील सॉफ्टवेअरची आवृत्ति कोणती, असें विचारल्यास अनेक कचेऱ्यांतून उत्तर येतें कीं, "सगळें अपडेट आहे, साहेब." हें आश्वासन झालें, उत्तर झालें नाहीं. उत्तर अंकांत द्यावें लागतें.

हे अंक वाचावे कसे? पाठ्यपुस्तकाची उपमा येथें चांगली लागू पडते. पुस्तक नव्यानें लिहून काढलें म्हणजे नवी आवृत्ति होते. चार धडे वाढवून तेंच पुन्हां छापलें तर ती सुधारून वाढविलेली प्रत. आणि छपाईंतील चुका मागाहून ध्यानांत आल्या तर प्रकाशक आंत एक शुद्धिपत्र चिकटवितो. सॉफ्टवेअरच्या क्रमांकांत टिंबांनीं वेगळे केलेले अंक सामान्यतः याच क्रमानें येतात. पहिला मोठ्या फेरफाराचा, दुसरा लहान भरीचा, तिसरा शुद्धिपत्राचा. सर्वच कंपन्या हा शिरस्ता पाळतात असें मात्र नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या माहितीकोशाचें बाजारांतील नांव 'एसक्यूएल सर्व्हर २०१९', पण त्याचा आंतला क्रमांक १५. २०२२ सालच्याचा १६.

गणित शिकलेल्या माणसाची येथें हमखास फसगत होते. मधलें टिंब हें दशांशचिन्ह नव्हे. दशांशांत २.९ हा २.१४ पेक्षां मोठा, आवृत्तींत २.९ ही नववी भर आणि २.१४ ही चौदावी, म्हणून दुसरी अधिक नवी. हा भेद केवळ पांडित्याचा नाहीं. डिसेंबर २०२१ मध्यें 'लॉग फोर जे' नांवाच्या एका घटकांत भयंकर दोष उघडकीस आला. यंत्रांतील घडामोडींची नोंद लिहिणें एवढेंच त्याचें काम. परंतु त्यांतून परक्याला सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवितां येत असे. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या सदोष होत्या. २.१५.० मध्यें दुरुस्ती झाली, ती अपुरी ठरून थोड्याच दिवसांत २.१६.० व २.१७.० निघाल्या. ज्यानें आपल्या २.९ कडे पाहून "आपली तर २.१७ हून पुढची" असें मानलें असेल, त्याचें दार सताड उघडें राहिलें. त्यांतून हा घटक दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटांत दडलेला असे; बाहेरील वेष्टनावरचा क्रमांक पाहून आंतल्याचा पत्ता लागत नसे.

या हयगयीची किंमत काय पडते, हें महाराष्ट्रानें जवळून पाहिलें आहे. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. १२ मे रोजीं त्याच दोषाचा आधार घेऊन 'वॉनाक्राय' नामक खंडणीखोर विषाणु जगभर पसरला. मध्यें जवळजवळ दोन महिने मिळाले होते. ज्या यंत्रांवर ती दुरुस्ती चढली नव्हती, तींच बळी पडलीं. पुढें २७ जूनला 'नॉटपेट्या' आला आणि उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरांत मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचें काम थांबलें. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखानदाराला हें बंदर परकें नाहीं. परदेशीं जाणाऱ्या पेटाऱ्यांची वाट तिकडूनच जाते. न्यायाची गोष्ट म्हणून येथें एवढें सांगितलें पाहिजे कीं, नॉटपेट्या चोरलेल्या परवलीच्या शब्दांचाही उपयोग करीत असे, त्यामुळें दुरुस्त केलेलीं यंत्रेंही त्याच्या तावडींतून सुटलीं नाहींत. आणि तो प्रथम शिरला तो युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. तेव्हां क्रमांक ताजा असणें हें एक कुलूप आहे, सगळा वाडा नव्हे. पण म्हणून कुलूपच लावूं नये असें कोण म्हणेल?

प्रत्यक्ष तपासणी फार सोपी आहे. विंडोजच्या सर्व्हरवर कळफलकावरील विंडोजची कळ व 'आर' एकत्र दाबून रोमन लिपींत 'विनव्हर' हीं सहा अक्षरें लिहावीं. जी चौकट उघडते तींत बांधणीचा क्रमांक असतो: २०१९ च्या सर्व्हरचा १७७६३, २०२२ च्या सर्व्हरचा २०३४८. त्यापुढें टिंब देऊन जो आंकडा येतो तोच महत्त्वाचा. दर महिन्याच्या दुरुस्तीबरोबर तो वाढतो. माहितीकोशाला 'सिलेक्ट' लिहून पुढें दोन 'अॅट' चिन्हें व 'व्हर्जन' असें विचारलें कीं तो आपली कुळकथा स्वतः सांगतो. लिनक्सवर 'युनेम' ही आज्ञा 'आर' या अक्षरासह द्यावी.

परंतु उत्तर मिळालें म्हणजे तें खरेंच असतें असें नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज' या टपाल-सर्व्हरची व्यवस्थापकाच्या यादींतील आवृत्ति सुरक्षेची दुरुस्ती चढविल्यावरही बदलत नाहीं. शुद्धिपत्र चिकटविलें, पण मुखपृष्ठ जुनेंच, असा तो प्रकार. तेथें 'एक्स-सेटअप' या फाइलीचाच क्रमांक पाहावा लागतो. रेड हॅटच्या लिनक्सवर याच्या उलट घोटाळा होतो. एप्रिल २०१४ मध्यें 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला तेव्हां मूळ कर्त्यांनीं १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ति काढली. रेड हॅटनें जुन्या १.०.१ई मध्येंच दुरुस्ती बसवून केवळ शेपटींतील अंक वाढविला. पुढचेच अंक वाचणारा निर्दोष यंत्राला दोषी ठरवितो. तिसरी अडचण अधिकच गमतीची आहे. लिनक्सचा नवा गाभा घातला तरी यंत्र पुन्हां सुरू होईपर्यंत जुनाच चालत राहतो. पावसाळ्यांत वीज गेली, सर्व्हर आपोआप बंद पडून उठला आणि महिनाभर खोळंबलेली दुरुस्ती अशी अनायासें लागू झाली, असेंही घडूं शकतें. त्याचें श्रेय मात्र देखभाल करणाऱ्यानें घेऊं नये.

अंबरनाथच्या प्राचीन शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख आहे. तो आंकडा साडेनऊशें वर्षांहून अधिक काळ बदलला नाहीं, आणि एकदां वाचला कीं काम झालें. सर्व्हरचा आंकडा तसा नाहीं. म्हणून लहान कचेरीनें एक वही ठेवावी. यंत्राचें नांव, तें कोणत्या खोलींत आहे, सॉफ्टवेअर कोणतें, क्रमांक कोणता, उत्पादकाचा आधार कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, कोणीं व केव्हां पाहिलें, इतके रकाने पुरतात. वही कागदाचीच असावी. विषाणूनें सर्व्हर कुलुपबंद केल्यावर त्याच्याच पोटांतील यादी कोण वाचणार? वार्षिक करारावर येणाऱ्या माणसाला पडद्यावर क्रमांक दाखवावयास सांगावें व समोर नोंद करावी. यांत त्याचा अपमान नाहीं. भारत सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था सदोष सॉफ्टवेअरविषयीं सूचना काढते, त्यांत बाधित आवृत्त्यांचे क्रमांक दिलेले असतात. ते वहीशीं ताडून पाहावे. तिच्याच एप्रिल २०२२ च्या निर्देशाप्रमाणें हल्ला लक्षांत आल्यापासून सहा तासांच्या आंत तिला कळवावें लागतें, आणि त्या घाईंत वही जवळ असली तर पुष्कळ वेळ वांचतो.

मायक्रोसॉफ्ट आपल्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं काढते. अमेरिकेंतील ती सकाळ भारतांत रात्रीं उशिरां पडते. तेव्हां वही उघडण्याचा दिवस बुधवार.